कपाटातला थर्मामीटर

१

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सहाला सप्तधेनू दूध संघाच्या गारगोटी केंद्रात केंद्र सांभाळणाऱ्या पिराजीनं टाकीचं झाकण उचललं. त्याच्या नाकाला आधी कळलं, डोळ्यांना नंतर. चौदा हजार लिटर दूध नासलं होतं. शीतयंत्राचा पट्टा तुटून खाली पडला होता आणि टाकी रात्रभर कोमट होऊन बसली होती.

पट्टा तुटणं हा काही गुन्हा नव्हे. चमत्कार पुढेच होता. कोल्हापूरच्या मुख्य कचेरीतल्या पडद्यावर त्या रात्रभर गारगोटीच्या टाकीचं तापमान चार अंशांच्या आसपास दिसत होतं, म्हणजे अगदी हवं तेवढं. आकडा सातावर गेला की कोल्हापुरात घंटा वाजते, तिथून पिराजीला फोन जातो, आणि पिराजीचं घर केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. घंटा वाजलीच नाही. टाकीत दूध नासत होतं आणि पडद्यावर ते गारेगार होतं.

शनिवारी सकाळी पिराजी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या घरासमोर उभा राहिला.

‘‘आण्णा हायसा काय?’’

सयाजी आण्णा आत पुस्तक वाचत होते. वाचनालयातली रहस्यकथा होती. गुन्हेगार कोण हे आण्णांना बहुतेक वेळा निम्म्या पुस्तकातच कळायचं, पण आपल्याला कसं काय कळेल, असं वाटून ते पुन्हा पहिल्या पानाकडे वळायचे. दारात माणूस येण्याची सवय मोडली होती, म्हणून ते जरा गडबडले. खुर्चीवरचे कपडे उचलून ते हातातच धरून उभे राहिले.

‘‘सोमवारी अकराला चौकशी हाय माझी,’’ पिराजी म्हणाला. ‘‘चौकशी कसली! मला काढायचा कागद टाइप करून ठेवलाय म्हणं. बावीस वर्सं झाली आण्णा मला.’’

‘‘आरोप काय ठेवलाय?’’

‘‘म्हणं मी थर्मामीटर टाकीतनं काढून बर्फाच्या तांब्यात बुडीवला आन घरात जाऊन झोपलो. पूर्वी एकानं केलतं की तसं. तवापास्नं सायबांच्या डोस्क्यात त्यो तांब्याच बसलाय. गारगोटीत पोरं मला आता ‘तांब्या’ म्हणून हाक मारत्यात.’’

‘‘आणि तू केलंस का तसं?’’ आण्णांनी विचारलं आणि विचारल्याबरोबर त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

‘‘खंडेनवमीला त्या टाकीला हार घातलाय मी,’’ पिराजी म्हणाला. ‘‘दुपारी हार घालून रात्री तिलाच फशीवतो व्हय?’’

आण्णांनी हातातले कपडे परत खुर्चीवर ठेवले. मग म्हणाले, ‘‘पण मी रिटायर होऊन पाच वर्षं झाली रे. मला कोण विचारतंय आता तिथं?’’

‘‘मशीन तुमचं हाय की.’’

त्या वाक्यासरशी आण्णांची नजर भिंतीवर गेली. तिथं एकच फोटो होता. नऊ वर्षांपूर्वी संघाच्या कचेरीत, केंद्रांचे आकडे आणणारं ते मशीन सुरू झालं त्या दिवशीचा. मधे शाल पांघरलेले, हातात नारळ धरलेले, कॅमेऱ्याला घाबरलेले आण्णा. फोटोत उजवीकडे मशीनचा पडदा. आणि डावीकडे अगदी कडेला त्यांची बायको बनाबाई, हात जरासा वर, पदर सावरताना. बनाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघं एकत्र असलेला तेवढाच फोटो होता.

‘‘चल,’’ आण्णा म्हणाले. ‘‘बघतो. पण मला काही कळेलच असं नाही हं.’’

२

त्या मशीनला कचेरीत सगळे ‘मक्स’ म्हणत. खरं नाव मल्टिप्लेक्सर. गडहिंग्लज, गारगोटी आणि कोडोली, तीन केंद्रांच्या तीन लाइनी त्यात येत आणि तिन्हींची माहिती एकाच तारेवरून मुख्य संगणकाकडे जाई. आण्णा नवख्यांना सांगायचे, ‘‘ही यष्टी आहे. तीन गावची माणसं एकाच गाडीत बसतात आणि मक्स हा कंडक्टर. कुणाला कुठल्या स्टॉपवर उतरवायचं हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं.’’ वही म्हणजे चॅनेलांची मांडणी. ती बदलायची तर कळफलकावर इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या. पडद्यावर बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती काळ्यावर हिरवी अक्षरं. त्या आज्ञा आण्णांनी एका जाड वहीत उतरवून ठेवल्या होत्या. ती वही मशीनखालच्या खणात होती आणि आण्णांनंतर तिला कोणी हात लावला असावा असं दिसत नव्हतं.

‘‘या या आण्णा!’’ व्यवस्थापक उदयसिंह मोठ्यानं म्हणाले. गडी मनानं वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट लवकर संपवायची घाई असे. ‘‘पिराजीनं तुम्हाला गाठलं व्हय? बसा, च्या घ्या. पण केस क्लिअर हाय. थर्मामीटर त्यानं हलीवला.’’

‘‘थर्मामीटर कुठाय?’’

‘‘पुरावा म्हणून जप्त केलाय की.’’ उदयसिंहांनी आपलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. वरच्या फळीवर, लाखेनं मोहोर केलेल्या पिशवीत, गारगोटीचा थर्मामीटर पडला होता. त्याची वायर दोऱ्यानं गुंडाळून बांधली होती. ‘‘गुरुवारीच काढून आणला. केंद्र बंद, टाकी धुऊन रिकामी. उगं कोण छेडछाड करायला नको.’’

आण्णांनी मान हलवली. मग काचेपलीकडच्या कंट्रोल रूमकडे पाहिलं. पडद्यावर तीन चौकोन होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं त्यांना आधी वाटलं.

‘‘उदयसिंह,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘थर्मामीटर तुमच्या कपाटात आहे ना?’’

‘‘व्हय की.’’

‘‘टाकी रिकामी आहे.’’

‘‘व्हय.’’

‘‘मग तिथं गारगोटी चार पूर्णांक एक कसं दाखवतंय?’’

३

सगळे काचेपलीकडे, पडद्यासमोर गेले.

‘‘जुना आकडा अडकून बसला आसंल,’’ उदयसिंह म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावरचा आकडा बदलला. चार पूर्णांक दोन.

‘‘अडकलेला आकडा हलत नाही,’’ आण्णा म्हणाले. ‘‘आणि तांब्यातला बर्फ तीन दिवस टिकत नाही. बघा, कोडोलीचं काय चाललंय.’’

कोडोलीचा आकडाही चार पूर्णांक दोन होता. सगळे बघत उभे राहिले. कोडोली चार पूर्णांक तीन झाली, गारगोटी तीन झाली. कोडोली पुन्हा दोन, गारगोटी पुन्हा दोन. जुळ्या भावंडांसारखे दोन्ही चौकोन एकत्र श्वास घेत होते. बंद पडलेल्या केंद्राकडे तीन दिवसांत कुणी बघितलंच नव्हतं.

‘‘आयला,’’ पिराजी दारातून म्हणाला. ‘‘माझ्या नावावर कोडोलीचं दूध!’’

आण्णा मशीनसमोर बसले. पाच वर्षांनी. बोटांना सगळं आठवत होतं. त्यांनी टाइप केलं : शो चॅनेल दोन. मशीननं उत्तर दिलं : चॅनेल दोन, लाइन तीन.

चॅनेल दोन गारगोटीचं. लाइन तीन कोडोलीची. कंडक्टर कोडोलीच्याच माणसांना दोन्ही स्टॉपवर उतरवत होता, आणि गारगोटीची माणसं गाडीतच राहत होती.

‘‘मग ही मांडणी बदलली कुणी?’’ उदयसिंहांचा आवाज चढला. त्यांना आता फासात अडकवायला दुसरी मान हवी होती. त्यांनी कंट्रोल रूमच्या इंजिनियरकडे पाहिलं. हा सोमशेखर, गडहिंग्लजचा. मोजकं बोलणारा, तीस-बत्तीसचा तरुण. आण्णा रिटायर झाल्यावर मक्स त्याच्याकडे आलेला.

‘‘मी कायबी टाइप केलं न्हाई सर,’’ सोमशेखर म्हणाला. ‘‘मला त्या आज्ञाच येत न्हाईत. आण्णांच्या मशीनला कोण हात लावणार?’’

मशीनच्या दर्शनी बाजूला आण्णांच्याच अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती : ‘हे यंत्र बंद करू नये.’ शेजारी खंडेनवमीचं हळदकुंकू आणि वाळलेलं झेंडूचं फूल. आण्णा उठले आणि मशीनच्या मागं वाकून बघू लागले. मागं धूळ होती, जळमटं होती, तारांचा गुंता होता. आणि मधोमध, चालू-बंदच्या बटणावर, कुंकवाचं एक बोट उमटलं होतं.

आण्णा परत खुर्चीत येऊन बसले आणि दुसरी आज्ञा टाइप केली. मशीन किती वेळ सलग चालू आहे ते विचारणारी. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. उत्तर आलं : दोन दिवस, तेवीस तास.

त्यांनी बोटांवर मागं मोजलं. शुक्रवार, गुरुवार, बुधवार. बुधवारी साडेअकरा. खंडेनवमी.

‘‘सोमशेखर,’’ ते म्हणाले, ‘‘पूजा तू केलीस का?’’

सोमशेखरचा चेहरा उतरला.

४

‘‘आण्णा, शस्त्र चालू ठिवून पूजा करत्यात व्हय?’’ जिन्यात उभा राहून सोमशेखर म्हणत होता. उदयसिंह वर फोनवर होते. ‘‘आमचे अप्पा त्या दिवशी मोटर बंद, ट्रॅक्टर बंद, विळीसुद्धा पुसून ठेवायचे. वर्षातनं एक दिस त्यांना विश्रांती. सगळी मशिनं बंद केली. दरवर्षी ह्याला तेवढं चालू ठेवायचो, पण औंदा ह्याला एकट्याला न्हाई म्हणवंना. पाच मिंटं बंद केलं, नारळ फोडला, चालू केलं. कोन काय म्हणंल म्हणून बोललो न्हाई.’’

आण्णांना त्याचा राग आला नाही. त्यांच्या काळात ते चालत्या मशीनलाच कुंकू लावायचे आणि बाकीचे हसायचे. ‘आण्णांचं मशीन खंडेनवमीलाबी ड्यूटीवर!’ बंद केलं की तिन्ही केंद्रं आंधळी होतात म्हणून ती चिठ्ठी होती. वीज गेली तर बॅटरी होती. नऊ वर्षं मशीन एकदाही बंद झालं नव्हतं.

‘‘म्हणजे माझी नोकरी गेली,’’ सोमशेखर म्हणाला. ‘‘पिराजीमामांच्या जागी मी.’’

‘‘थांब जरा,’’ आण्णा म्हणाले.

त्यांच्या मनात काहीतरी टोचत होतं. झोपलेला माणूस उठल्यावर दुसऱ्याचं नाव सांगत नाही. मशीनही बंद करून चालू केलं तर जसं होतं तसंच उठायला हवं. त्यासाठीच तर शेवटची आज्ञा असते, सेव्ह. आज्ञा टाइप केली की मांडणी लगेच बदलते, पण ती असते पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी. सेव्ह म्हटलं की ती मशीनच्या आतल्या कायमच्या वहीत उतरते. वीज गेली की पाटी पुसली जाते आणि मशीन वही उघडतं. मग वहीत लाइन तीन कशी आली?

‘‘कुणीतरी मुद्दाम वहीत खोटं लिवलं आसंल,’’ सोमशेखर आशेनं म्हणाला. ‘‘नवी सिस्टिम विकणाऱ्या कंपनीची माणसं खंडेनवमीच्या आधी दोन दिस येऊन गेल्ती. त्यांना ही खोली दावली होती सायबांनी.’’

हे शक्य होतं. पाहुणे, कुलूप नसलेली खोली, जुनं मशीन बदनाम झालं तर कुणाचा फायदा, रहस्यकथेत असंच असतं. आण्णा पुन्हा वर गेले. वहीत शेवटचं कधी लिहिलं गेलं तेही मशीनला विचारता येतं. ही आज्ञा त्यांनी आयुष्यात फारशी वापरली नव्हती. त्यांनी ती टाइप केली.

हिरवी ओळ उमटली. ‘‘काय म्हणतंय आण्णा?’’ सोमशेखरनं दारातून विचारलं.

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. बारा जून.

‘‘आज काही हलवू नका,’’ ते म्हणाले. ‘‘बंदही करू नका. सोमवारी सांगतो.’’

५

रविवार फार लांब होता. आण्णांनी सकाळी एक भाकरी केली आणि निम्मी ठेवून दिली. शेजारचं बिऱ्हाड जोतिबाला गेलं होतं. गल्लीत प्रेशर कुकरचीसुद्धा शिट्टी नव्हती. त्यांनी खुर्चीवर चढून फोटो खाली काढला आणि टेबलावर ठेवला.

विचार सरळ होता, म्हणूनच तो टाळता येत नव्हता. नऊ वर्षांत वहीत कुणीच काही लिहिलं नव्हतं. म्हणजे कंपनीचे पाहुणे निर्दोष, सोमशेखर निर्दोष, पिराजी तर निर्दोषच. चूक बारा जूनच्या वहीत होती, आणि बारा जूनला त्या आज्ञा येणारा माणूस संघात एकच होता.

त्यांना आठवलं. मशीन आलं तेव्हा गारगोटीची लाइन जोडलेली नव्हती. चॅनेल दोन चालतंय का हे पाहायला त्यांनी ते तात्पुरतं कोडोलीच्या लाइनीवर लावलं आणि सेव्ह केलं. दोन दिवसांनी, उद्‌घाटनाच्या सकाळी, गारगोटीची लाइन आली. त्यांनी चॅनेल दोन बरोबर केलं. आणि मग? मग सेव्ह केलं होतं, अशी त्यांची खात्री होती. काम झालं की ते नेहमी मोठ्यानं ‘सेव्ह’ म्हणायचे. घरी दिवा मालवतानासुद्धा तोंडातून निघून जायचं आणि बनाबाई हसायची.

त्यांनी भिंग घेतलं. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओवाल्यानं तारीख छापली होती, चौदा जून. नऊ वर्षं ते हा फोटो रोज बघत होते, पण बघायचे ते डाव्या कडेला. उजवीकडच्या पडद्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. हिरवी अक्षरं बारीक होती, पण वाचता येत होती. सेट चॅनेल दोन लाइन दोन. त्याखाली, ओके. त्याखाली रिकामी ओळ आणि चौकोनी ठिपका, पुढच्या शब्दाची वाट बघत.

अध्यक्ष घाईत होते. ‘आण्णा, इकडं या, शाल घ्या, फोटो काढायचाय.’ आण्णांना ओढून मधे उभं केलं होतं. मग टाळ्या, पेढे, माणसं. एवढी माणसं आपल्यासाठी जमलेली त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. त्या आनंदात एक शब्द राहून गेला.

चिठ्ठीनं, बॅटरीनं आणि चालत्या मशीनच्या पूजेनं ती चूक नऊ वर्षं झाकून ठेवली होती. त्यांच्या काळजीनंच.

संध्याकाळी त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आली आणि ती आली याचीच त्यांना लाज वाटली. मशीनसमोर बसायचं, लाइन दोन टाइप करायचं, सेव्ह म्हणायचं. जुनी तारीख पुसली जाईल. ती मशीनला विचारता येणारा दुसरा कोणी नाही. पिराजी सुटेल. सोमशेखरनं मशीन बंद केलं एवढंच उरेल. तरुण आहे, दुसरीकडे लागेल कुठंतरी. आणि ‘मशीन तुमचं हाय की’ हे वाक्य जसंच्या तसं राहील.

त्यांनी भाकरीचा उरलेला अर्धा तुकडा खाल्ला. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दाराजवळ ठेवला, सकाळी विसरायला नको म्हणून.

६

‘‘थोडक्यात सांगा आण्णा,’’ सोमवारी अकराला उदयसिंह म्हणाले. टेबलापलीकडे संघाचे दोन संचालक होते. भिंतीशी पिराजी आणि सोमशेखर उभे होते, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून, जसे काही लग्नाला आलेत.

आण्णांनी थोडक्यातच सांगितलं. बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कपाटातला थर्मामीटर, जुळे आकडे, बटणावरचं कुंकू, बारा जून. मग त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि फोटोतल्या पडद्यावर बोट ठेवलं.

‘‘ही शेवटची ओळ रिकामी आहे. तिथं एक शब्द हवा होता. तो मी लिहिला नाही. सोमशेखरनं मशीन बंद केलं नसतं तरी कधीतरी ते बंद झालंच असतं. दूध पिराजीनं नासवलं नाही. सोमशेखरनंही नाही.’’

उदयसिंहांनी फोटो जवळ ओढून पाहिला आणि म्हणाले, ‘‘आण्णा, तुम्ही गप्प बसला असता तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.’’

‘‘हो,’’ आण्णा म्हणाले. ‘‘तेच तर.’’

‘‘आता तुम्हाला काय शिक्षा करायची? तुम्ही तर रिटायर.’’

‘‘ती शाल परत देतो,’’ आण्णा म्हणाले. ते खरंच म्हणत होते. पण एक संचालक हसला, मग दुसरा, आणि टाइप केलेला कागद उदयसिंहांनी हळूच खणात सरकवला.

सगळे मशीनसमोर गेले. संचालकांनी तारीख स्वतः वाचून कागदावर उतरवून घेतली. मग आण्णांनी सोमशेखरला खुर्चीत बसवलं आणि खणातली आज्ञांची वही त्याच्यापुढे उघडली. ‘‘तू टाइप कर. मी बघतो.’’ सेट चॅनेल दोन लाइन दोन. ओके. सोमशेखरची बोटं थांबली. आण्णा मागून म्हणाले, ‘‘सेव्ह.’’

‘‘आता बंद कर.’’

‘‘बंद?’’

‘‘कर. आणि चालू कर. बघू काय आठवतंय त्याला.’’

मशीन बंद झालं. मिनिटभर खोली इतकी शांत झाली की खालच्या पेपरवाल्याचा आवाज वर आला. मग हिरवी अक्षरं परतली. गडहिंग्लज चार पूर्णांक शून्य. कोडोली चार पूर्णांक एक. गारगोटीच्या चौकोनात नुसती आडवी रेघ होती. थर्मामीटर कपाटात होता. खरं उत्तर तेवढंच होतं.

‘‘बगा,’’ पिराजी म्हणाला, ‘‘माझं केंद्र आता कुठं खरं बोललं.’’

दुपारी पिराजी फोटो घेऊन आण्णांबरोबर घरी आला, ते नको म्हणत असताना. खुर्चीवर चढला, फोटो खिळ्याला अडकवला, मागं सरकून सरळ आहे का ते पाहिलं. आण्णा चहाचं आधण ठेवत होते. दोन कपांचं माप त्यांना पटकन आठवेना.

‘‘आण्णा,’’ पिराजी म्हणाला, ‘‘ह्या कडंला काकी न्हवं? त्या काय दाखवाय लागल्यात?’’

‘‘पदर सावरतेय ती.’’

‘‘पदर तर खांद्यावरच हाय की. बोट बगा. तिकडं पडद्याकडं हाय.’’

आण्णा भांडं तसंच ठेवून बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला. पदर खरंच खांद्यावर होता, नीट. हात वर होता, बोट जरासं पुढे, आणि तोंड अर्धवट उघडं, माणसांच्या गर्दीत ऐकू न जाणारा एखादा शब्द म्हणताना असतं तसं. तसं असेल. नसेलही. आता विचारायला कोणी नव्हतं.

‘‘काय म्हणाय लागल्यात?’’ पिराजीनं पुन्हा विचारलं.

‘‘काम आधी पुरं करा म्हणते,’’ आण्णा म्हणाले, आणि खिळा घट्ट आहे का ते त्यांनी दोनदा हलवून पाहिलं.